चष्म्यातला चुडा

तलवाड्याच्या सभागृहात पहिल्या दिवशी जो गोंधळ झाला, त्याला कारण विमलबाई. विमलबाईंना विचाराल तर कारण पुण्याची मंडळी. पण चष्मा फेकला तो विमलबाईंनीच, आणि तोही असा की भिंतीवर न आपटता नेमका सरपंचांच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसला, जणू ग्रामसभाच घ्यायला आलाय.

पुण्याच्या एका संस्थेतून दोघं आले होते. स्वप्नाली ही संशोधन करणारी मुलगी, मूळची माजलगावकडची. आणि कॉम्प्युटर सांभाळणारा आमेर, बीडचा. अंगमेहनतीची कामं करणाऱ्या बायकांना स्वतःचं शरीर कसं वाटतं, हे त्यांना बघायचं होतं. पुष्कळांना म्हणे वाटतं एक आणि असतं दुसरं. ते शोधायला डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा बांधायचा. त्यात खोटी खोली दिसते, खोलीत आरसा दिसतो, आणि मान खाली घातली की खोटं अंग दिसतं. आपण हात उचलला की तेही हात उचलतं. मग तो हात जाड-बारीक, लांब-आखूड करत जायचं आणि ‘हां, हा माझा’ असं वाटलं की थांबायचं. सुई नाही, रक्त काढणं नाही. गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी घरोघर फिरून हे सांगितलं, तेव्हा कुठं बायका जमल्या होत्या.

मंजुळा दाराशी बसली होती. मागं, कडेला, कुणाच्या वाटेत येणार नाही अशा जागी. नवरा सुंदरराव गेल्यापासून अशी जागा शोधायची सवय तिच्या पायांनाच लागली होती, डोक्याला विचारावं लागत नसे. गावात तिची पिठाची गिरणी. त्या दिवशी गिरणीची थ्री-फेज लाईट नव्हती म्हणून ती आली होती. आणि थोडी विमलबाईंवर लक्ष ठेवायलाही, कारण विमलबाई तिची थोरली जाऊ, आणि चार माणसांत त्या काय बोलतील याचा भरवसा नव्हता.

पहिला नंबर विमलबाईंचा. तो त्यांचाच असतो, लग्नाची पंगत असो की रेशनचं दुकान.

‘‘दिसतंय का काकू?’’ चष्मा बांधून स्वप्नालीनं विचारलं.

‘‘दिसतंय की. लई झ्याक खोली हाय. परळीच्या लॉजसारखी.’’

‘‘लॉजवर कवा गेलत्या, आक्का?’’ मागून कुणीतरी विचारलं आणि बायका पदरात तोंड घालून हसल्या.

‘‘आता खाली बघा. हातांकडं.’’

विमलबाईंनी खाली बघितलं, आणि अशी किंकाळी फोडली की बाहेर पिंपळाखालची कुत्री उठून उभी राहिली.

‘‘अगं बाई, माझ्या बांगड्या! हात मोकळे! मालक कुठं हायेत? फोन लावा कुणीतरी मालकाला!’’

तेव्हा तो चष्मा उडाला. मालक म्हणजे राधाकिशन, ते चौकातल्या हॉटेलात होते. ‘‘काय झालं? चहा पितोय मी,’’ एवढं त्यांच्या तोंडून ऐकलं तरी विमलबाईंचं समाधान होईना. त्यांनी नवऱ्याला आणखी एकदा बोलायला लावलं. मग खाली बसून पाणी प्यायल्या.

‘‘काकू, ते खोटे हात होते,’’ स्वप्नाली काकुळतीला आली होती.

‘‘खोटे असले म्हणून काय झालं? डोळ्यांनी बघितले ना मी! आमच्यात सवाष्णीनं मोकळा हात बघू न्हाई. कावून दाखवले तुमी?’’

झालं. सगळ्या बायकांनी आपापली मनगटं पदरात लपवली आणि उठल्या. सभागृह रिकामं झालं.

मंजुळाही हसत हसतच उठली होती. पायरीवर तिला आपला हात दिसला, आणि हसू तिथंच थांबलं. जाऊबाईंना जे डोळ्याचं पातं लवेतोवर दिसलं, ते ती रोज बघत होती. गिरणीत धान्य ओतताना, पीठ झाडताना, भाकरी थापताना. त्यासाठी कुणी किंचाळलं नव्हतं. तीसुद्धा नाही.

आता गावात विधवा बाई एखादी प्लास्टिकची बांगडी घालते, कुणी बोलत नाही. पण हिरवी काच नाही. तिथं गाव थांबतं. आणि आठवड्यावर मंजुळाच्या मुलीचं, संस्कृतीचं लग्न आलं होतं. परळीचं स्थळ, चांगली माणसं. चुड्याच्या दिवशी बांगड्या भरणारी घरी येणार, नवरीसह सगळ्या सवाष्णींचे हात भरणार. हळद विमलबाई लावणार, कन्यादान विमलबाई आणि राधाकिशन करणार. हे कुणी मंजुळाला विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. लग्नाच्या बोलण्यात एकदाच कुणीतरी म्हणालं, ‘‘चहापाण्याचं मंजुळा बघंल आत,’’ आणि त्यात सगळं आलं. लेक तिची, पीठ दळून शिकवली तिनं, आणि लेकीच्या अंगाला हळद लागताना ती आत चहा गाळणार होती.

दुसऱ्या दिवशी आशाताई पुन्हा घरोघर फिरल्या. ‘‘चला गं, बांगड्या घातल्यात त्यांनी.’’

आमेरनं खरंच घातल्या होत्या. खोट्या हातांना हिरव्यागार काचेच्या बांगड्या, मनगटापासून चार बोटं वरपर्यंत. ‘‘अम्मीला आधी विचारलं असतं तर हा तमाशाच झाला नसता,’’ असं तो दोनदा म्हणाला. स्वप्नाली मात्र वैतागली होती. बांगड्यांनी हात जाड दिसतो की बारीक, याचा हिशेब तिनं कुठंच धरला नव्हता. पण बायकाच नसतील तर हिशेब तरी कुणाचा करणार?

विमलबाई पुन्हा पहिल्या. भिंतीवर एक टीव्ही लावला होता. चष्म्यातलं त्यात सगळ्यांना दिसे. विमलबाईंनी हात बारीक करत करत इतका बारीक केला की तो पार नव्या नवरीचा झाला, आणि मग समाधानानं म्हणाल्या, ‘‘हां. ह्यो माझा.’’ बायकांना हसू आवरेना. ‘‘हसा,’’ विमलबाई चष्म्याआडून म्हणाल्या, ‘‘मला माझा हात म्हाईत न्हाई व्हय?’’

बाकीच्यांचं झालं. मग आशाताईंनी मंजुळाला पुढं ढकललं. ‘‘जा की, पोती उचलून तुजाबी खांदा दुखतोच की,’’ असं विमलबाईही म्हणाल्या. आणि कुणाच्या म्हणजे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आमेरनं सगळ्या बायकांना सरसकट एकच हात दिला होता, आणि त्या हातात चुडा होता.

मंजुळानं चष्मा बांधून घेतला आणि मान खाली घातली.

अंगावर हिरवं लुगडं होतं. त्याच्यापुढे दोन हात. तिनं बोटं हलवली, ती हलली. मनगट फिरवलं, तेही फिरलं, आणि त्याच्याबरोबर बांगड्या फिरल्या. वाजल्या नाहीत. चष्म्यात आवाज नव्हता. पण त्या मनगटावरून जराशा घसरल्या, अगदी जशा घसरतात तशा.

सुंदरराव गेला त्या दिवशी बायकांनी हे हात धरले होते. डावा विमलबाईंनी धरला होता. चांगला हळू धरला होता, काच लागू नये म्हणून. तरी लागली. पुढं किती दिवस गिरणीत पीठ त्या चिरेत जाऊन चुरचुरायचं.

‘‘आता हात तुमच्यासारखा करा, मावशी,’’ स्वप्नाली म्हणाली.

मंजुळानं तो बारीक केला नाही. जाड केला. पोती उचलणारा, दंडाला गाठी असलेला, कोपरापाशी काळा पडलेला हात तिला आपला म्हणून हवा होता. काळं करायची सोय नव्हती, पण जाडी जमली. आरशात एक दांडगी बाई उभी होती, हिरव्या बांगड्यांची. मंजुळानं तिच्याकडं नीट बघून घेतलं. बाईनंही बघून घेतलं.

बायका टीव्ही बघत होत्या. स्वप्नालीची टीव्हीकडं पाठ होती.

‘‘हा हात तुमचा वाटतो का? एक म्हणजे अजिबात नाही, सात म्हणजे अगदी माझाच.’’

‘‘सात,’’ मंजुळा म्हणाली.

‘‘अहो बाई!’’ विमलबाईंचा आवाज फाटला. ‘‘तिला कावून बांगड्या घातल्या? बंद करा ते! आदी बंद करा!’’

आमेर गडबडला, त्यानं काहीतरी दाबलं आणि बांगड्या गेल्या. फुटल्या नाहीत, कुणी हात धरला नाही, रडारड नाही. होत्या आणि नव्हत्या. मंजुळाला वाटलं, चला, एवढ्या स्वच्छपणे तरी पहिल्यांदाच गेल्या.

‘‘सॉरी, मावशी,’’ स्वप्नालीचा चेहरा उतरला होता. ‘‘आमच्या लक्षातच... आपण थांबू या का?’’

‘‘थांबता कशाला? आता बी विचारा की.’’

‘‘काय?’’

‘‘तेच. ह्यो मोकळा हात किती माझा ते.’’

स्वप्नालीनं चाचरत विचारलं.

‘‘एक,’’ मंजुळा म्हणाली आणि चष्मा काढून नीट तिच्या हातात दिला.

बायका पांगल्या तरी स्वप्नाली तिला सोडायला पायरीपर्यंत आली. पोरगी मनानं बरी होती, पण डोक्यात किडा शिरला होता. ‘‘मावशी, रागावू नका. पण तुमचा खरा हात तर मोकळाच आहे. मग मोकळ्याला एक आणि भरलेल्याला सात कसे?’’

‘‘हात कुणाचा, असं विचारलं ना तुमी? मग. बांगड्या कुणी काढल्या, असं न्हाई विचारलं.’’

स्वप्नालीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

‘‘तुमच्या शास्त्रात याला काय म्हणत्यात?’’

‘‘फरक. जे वाटतं आणि जे आहे, त्यातला फरक. आम्ही तोच शोधतो.’’

‘‘आन् सापडला की?’’

‘‘माणसाला आपलं शरीर जसं आहे तसं बघायला मदत करायची. स्वीकारायला.’’

‘‘अस्सं,’’ मंजुळानं चपला पायात सरकवल्या. ‘‘म्हंजे हाय ते तसंच ठिवायचं आन् वाटतं ते पुसायचं. आन् मी उलटं केलं तर? वाटतं ते ठिवलं, आन् हाय ते बदललं तर? फरक जाईलच की तुमचा.’’

ती निघाली.

गावात गोष्ट गिरणीच्या पट्ट्यासारखी फिरली. संध्याकाळच्या आत संस्कृती गिरणीत येऊन उभी राहिली. गव्हाचं दळण चालू होतं, ओरडून बोलावं लागत होतं, आणि अशा गोष्टी ओरडून बोलता येत नाहीत. मंजुळानं गिरणी बंद केली.

‘‘आई, मोठी आई म्हणती, तू चुडा भरणार हायेस.’’

‘‘आक्काला मी काहीच बोलले न्हाई. पण तिनं ओळखलं खरं.’’

‘‘पाव्हण्यांना कळलं तर? परळीचे लई जुन्या वळणाचे हायेत. मोडलं म्हंजे?’’ संस्कृतीचे डोळे भरले. ‘‘मला काय तुला आत बसवायचं न्हाई, आई. पण मला भ्या वाटतंय.’’

मंजुळानं तिला जवळ घेतलं. लेकीच्या नव्या ड्रेसला पीठ लागलं, दोघींच्याही ते लक्षात आलं, दोघींनी झटकलं नाही.

‘‘मलाबी वाटतंय,’’ ती म्हणाली. ‘‘ऐक. तुझं लगीन हाय. तू ‘नको’ म्हण, मी आत बसते. तोंड वाकडं करणार न्हाई. पण ते तुझ्या तोंडून पायजे मला. आक्काच्या न्हाई, गावाच्या न्हाई. तुझ्या.’’

संस्कृती हो म्हणाली नाही. नको म्हणाली नाही. शेवटी नाक पुसून म्हणाली, ‘‘गहू ऱ्हायलाय का कुणाचा? मी ओतते.’’ आणि मायलेकींनी उरलेलं दळण काढलं.

चुड्याच्या दिवशी घर भरलं. बांगड्या भरणारी कमरजहाँ आपली पेटी घेऊन आली. तलवाड्यातल्या निम्म्या बायकांची मनगटं तिला डोळे मिटून ओळखू येत. परळीहून नवऱ्याची बहीण करिष्मा आली होती. तिच्या आईचे गुडघे धरलेले, प्रवास झेपत नव्हता, म्हणून करिष्मानं व्हिडीओ कॉल लावून फोन हातात धरला होता. परळीच्या घरात बसून विहीणबाई सगळं बघत होत्या. ‘‘नवरीला उजेडात बसवा की,’’ असा त्यांचा आवाज अधूनमधून येत होता.

सतरंजीवर संस्कृती बसली, शेजारी विमलबाई. कमरजहाँनं पेटी उघडली. हिरव्या काचा उन्हात चमकल्या.

आत चहा उकळत होता. मंजुळानं गॅस बंद केला. चहा गाळला नाही. पदर खांद्यावर घेतला, बाहेर आली, बायकांमधून वाट काढत पुढं गेली आणि कमरजहाँच्या समोर उभी राहिली.

‘‘चाची, माझे बी भरा.’’

करिष्मानं झटकन फोन उलटा करून मांडीवर दाबला.

विमलबाईंनी मंजुळाचं मनगट पकडलं. ‘‘मंजुळे, मी पाया पडते तुझ्या. पोरीचं वाटोळं करू नको. आज न्हाई. लगीन होऊ दे, मग काय करायचं ते कर.’’ त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना संस्कृतीची काळजी होती, मालकाची होती, आणि कुणी बांगड्यांशी खेळलं की आभाळच कोसळतं अशी त्यांची पक्की समजूत होती.

‘‘आक्का,’’ मंजुळा म्हणाली, ‘‘त्या दिवशी ह्यो हात तुमीच धरला होता. आज बी धरा. काम तेवढं उलटं हाय.’’

विमलबाईंनी हात सोडला. भाजल्यासारखा.

आणि मग संस्कृती सरकली. सतरंजीवर एका बाजूला झाली, आपल्या आणि मोठ्या आईच्या मधे एका माणसाची जागा केली. मंजुळा त्या जागेत बसली. मांडी घालून, ऐसपैस, कडेला नाही.

‘‘करिष्मा,’’ तिनं हाक मारली, ‘‘फोन सरळ धर बाळा. त्यांनी बी बघू दे. मागून कुणाच्या तोंडून कळण्यापरीस बरं.’’

करिष्मानं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि फोन सरळ केला.

कमरजहाँ पेटीत बोटं घालून बसली होती. ‘‘मंजू,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘कल गाव मलाच बोलंल. म्हनतील, चाचीनं अक्कल गहाण टाकली.’’

‘‘बोलू द्या. माझ्याकडं पाठवा त्यास्नी. दळण घेऊन येतीलच.’’

कमरजहाँ फिसकन हसली. हसली आणि तिनं मंजुळाचा डावा हात ओढला. ‘‘तेरा माप मालूम हाय मेरेकू. दोन-सहा.’’

पण दोन-सहाचा तो हात राहिला नव्हता. हाडं रुंद झाली होती, अंगठ्याखालचं मांस पोत्यांनी दगड केलं होतं. कमरजहाँनं हात दाबला, चोळला, अंगठा आत मोडून घेतला. पहिली बांगडी अंगठ्याच्या गाठीपर्यंत गेली आणि कट्‌दिशी मोडली.

‘‘वाढली,’’ कुणीतरी पुटपुटलं. बांगडी फुटली असं तोंडानं म्हणायचं नसतं.

‘‘फुटली,’’ मंजुळा मोठ्यानं म्हणाली. ‘‘काच हाय, फुटणारच. दुसरी काढा, चाची.’’

दुसरीही मोडली. आता मनगटावर रक्ताचा बारीक थेंब आला. विमलबाईंनी डोळे मिटले. त्यांनी हात धरला नाही, पण उठूनही गेल्या नाहीत. संस्कृती धावत आत जाऊन साबणाचं पाणी घेऊन आली आणि आईच्या हातावर ओतायला लागली. घाईत निम्मं पाणी सतरंजीवर.

‘‘अगं, हळू, नवरीनं सतरंज्या धुवायच्या नसत्यात,’’ मंजुळा म्हणाली, आणि मागं कुणीतरी न राहवून हसलं.

कमरजहाँनं मोठं माप काढलं. ‘‘दोन-आठ. अब बघू कशी जात न्हाई ते.’’ ती दातओठ खाऊन भिडली, मंजुळानं खालचा ओठ चावून धरला, आणि बांगडी गाठ ओलांडून आत गेली. मनगटावर येऊन थांबली. मग दुसरी. मग तिसरी. मंजुळानं हात वर करून फिरवला. चष्म्यातल्या हातापेक्षा हा काळा होता, खरबरीत होता, त्याला रक्त आणि साबण लागला होता.

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. करिष्मानं कान लावला, ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना. सगळं घर तिच्याकडं बघत होतं. संस्कृतीनं साबणाचं भांडं छातीशी धरलं होतं.

‘‘आई म्हणती, नवरीच्या आईला फोन दे. बोलायचंय.’’

विमलबाईंच्या तोंडून ‘‘आता गं बाई’’ एवढंच आलं.

मंजुळानं लेकीकडं बघितलं. लेक गेली नव्हती, तिथंच होती, खांद्याला खांदा लावून. मंजुळानं डावा हात मांडीवर ठेवला आणि उजवा कमरजहाँपुढं केला.

‘‘विहीणबाईंस्नी सांग, हात गुतलाय,’’ ती म्हणाली. ‘‘जरा थांबा म्हणावं.’’